शाळा सोडल्याचे कारण

साताऱ्याच्या राजवाड्यातील तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एक जुने रजिस्टर जपून ठेवले आहे. त्यात अनुक्रमांक १९१४ पुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आहे. दाखल झाल्याची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करते. एका मुलाने शाळेत पाऊल टाकल्याचा दिवस सव्वाशे वर्षांनंतरही तारखेनिशी सांगता येतो, तो कोणा कारकुनाने किंवा मास्तरने त्या दिवशी दौतीत टाक बुडवून एक ओळ लिहिली म्हणून.

त्या ओळीच्या मागचे-पुढचे मुले बहुधा कोणाला ठाऊक नाहीत. १९१३ किंवा १९१५ क्रमांकाच्या मुलाचे पुढे काय झाले, तो कितवीपर्यंत गेला, हे विचारण्याचे कारण कोणाला पडलेले नाही. तरी त्यांच्याही ओळी त्याच पानावर, त्याच मापाच्या आहेत. रजिस्टर लिहिणाऱ्याला पुढचे काही दिसत नव्हते, त्यामुळे त्याने सर्वांना सारखी जागा दिली. या कागदाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

त्याची मर्यादाही त्याच ओळीत आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातले शाळेचे दिवस सांगितले आहेत. वर्गात वेगळे बसायचे ते घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, आणि तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडीपर्यंत थांबायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. हजेरीपटावर त्या दिवशी या मुलाची हजेरीच लागली असणार. तहानेसाठी हजेरीपटात रकाना नव्हता.

गेली काही वर्षे ‘विद्यार्थ्यांची दीर्घकालीन माहिती’ हा शब्दप्रयोग शिक्षणखात्यात फार ऐकू येतो. प्रत्येक मुलाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, पहिलीपासून शेवटपर्यंत त्याची वाटचाल संगणकावर ठेवायची, आणि तिच्या आधाराने शिक्षण सुधारायचे, असा त्यामागचा विचार. कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. पण मुलामागे ओळ चालवण्याचे साधन आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ प्रत्येक शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. ते साधन कशासाठी वापरले गेले आणि कशासाठी जवळजवळ कधीच वापरले गेले नाही, हा या लेखाचा विषय.

जनरल रजिस्टर, खेड्यातल्या बोलीत ‘दाखलखारीज’, ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना त्याची मांडणी आठवेल. अनुक्रमांक, नाव, धर्म व जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल दिनांक, इयत्ता. मग उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. डावे पान मूल येते तेव्हा भरायचे, उजवे पान ते जाते तेव्हा. मधल्या वर्षांचा हिशेब दुसरीकडे, हजेरीपटात आणि निकालपत्रकात. दाखलखारीज कायम जतन करायचे दप्तर, हजेरीपट आणि निकालपत्रके काही वर्षांनी रद्दीत. म्हणजे मूल आले कधी आणि गेले कधी हे कायम राहते. ते शाळेत असताना काय घडले ते मात्र नाहीसे होते.

मी निरनिराळ्या गावांतली ही रजिस्टरे चाळली आहेत. डावे पान नीटनेटके असते. जन्मतारीख मात्र पुष्कळांची १ जून. महाराष्ट्राच्या खेड्यांत दोन-तीन पिढ्यांतले किती लोक १ जूनला जन्मले याचा अचंबा परक्या माणसाला वाटेल. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, वयाची अट पुरी व्हायला हवी, म्हणून मास्तर तो दिवस लिहून टाकीत. त्या एका दिवसावर पुढे माणसे नोकरीला लागली आणि निवृत्तही झाली. उजवे पान मात्र ओसाड. ‘कारण’ या रकान्यात पुष्कळ ठिकाणी ‘सतत गैरहजर’ एवढेच. गैरहजर का, हा प्रश्न होता. गैरहजर होता म्हणून, हे उत्तर. क्वचित एखादा मास्तर निराळा भेटतो. तो ‘गुरे राखण्यास’, ‘लग्न झाले’, ‘कुटुंब परगावी गेले’ असे लिहितो, आणि त्या दोन शब्दांत गावाचा इतिहास सापडतो.

मग ही रजिस्टरे उघडली जातात कधी? मुख्यतः दोन गोष्टींसाठी, वय आणि जात. दाखल्यावर जन्मतारीख हवी असते म्हणून, किंवा जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहायचे असते म्हणून. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत शाळांची जुनी दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. हक्कासाठी पुरावा शोधणे यात गैर काही नाही. पण त्याच पानांवर, जातीच्या रकान्यापासून वीतभर उजवीकडे, ती पणजोबांची पिढी कितवीत शाळा सोडून गेली हेही लिहिलेले आहे. तिकडे बोट सरकलेले मला दिसले नाही.

सरकारला मोजणीची आवड पहिल्यापासून होती. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीपासून १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या कलेक्टरांकडून गावोगावच्या पंतोजींच्या शाळांची माहिती मागवली गेली. पुढे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकरांनी ती संपादून छापली, म्हणून आज ती हाताशी आहे. त्यात शाळा किती, मुले किती, हे आहे. शाळाखाते स्थापन झाल्यावर मोजणीला पैशाची जोड मिळाली. पास झालेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात आली, आणि ‘डिपोटीसाहेबां’च्या परीक्षेचा दिवस शाळेच्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस ठरला. अशा पद्धतीत कच्च्या मुलाला परीक्षेला न बसवण्यातच शाळेचा फायदा असतो, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. तिचा एक परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. सक्ती आली की यादी उलटी होते. तोवर शाळेकडे फक्त आलेल्या मुलांची नावे असत. सक्तीला न आलेल्यांची नावे लागतात. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर नेला. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचा कायदा केला आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंड करायचा तर कोणाचे मूल, कोणत्या वाडीतले, किती दिवस आले नाही, हे नावानिशी ठाऊक हवे. दंडाच्या निमित्ताने का होईना, शाळेबाहेरचे मूल कागदावर आले. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचे १९११चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक नामंजूर झाले आणि तिथे मोजणी चालू राहिली ती आलेल्यांचीच.

या मोजणीने एक मोठा धक्का १९२९ मध्ये दिला. सायमन कमिशनला साहाय्य म्हणून सर फिलिप हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची पाहणी करणारी समिती नेमली गेली होती. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी तिच्या सदस्य होत्या. या समितीने सांगितले, की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलग्यांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरले होते. मुलींची अवस्था याहून वाईट होती. चार वर्षांचे शिक्षण पुरे झाल्याखेरीज साक्षरता टिकत नाही असे समितीचे मत होते. म्हणजे शंभरातल्या बहुसंख्य मुलांवरचा खर्च वाया गेला. ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ हे दोन शब्द आपल्या शिक्षणचर्चेत पक्के बसले ते या अहवालामुळे. मुदतीआधी शाळा सोडणे ही गळती, एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे अडकणे ही स्थगिती.

१८चा आकडा इतका जबरदस्त आहे, की तो कसा काढला याकडे दुर्लक्ष होते. समितीने मुलांमागे जाऊन तो काढलेला नव्हता. एका वर्षाचा पहिलीचा पट घेतला, तीन वर्षांनंतरचा चौथीचा पट घेतला आणि दुसऱ्याला पहिल्याने भागले. यात काय होऊ शकते ते एका कल्पित गावाच्या हिशेबाने पाहू. समजा दरवर्षी ४० नवी मुले शाळेत येतात. प्रत्येक मूल पहिलीत दोन वर्षे काढते आणि पुढच्या प्रत्येक इयत्तेत एकेक वर्ष. एकही मूल शाळा सोडत नाही. या शाळेचा पट कोणत्याही वर्षी असा दिसेल : पहिलीत ८०, दुसरीत ४०, तिसरीत ४०, चौथीत ४०. हार्टॉग पद्धतीने ८० पैकी ४० उरले, म्हणून निम्मी मुले गळाली. प्रत्यक्षात एकही गळालेले नाही.

आणि हे निव्वळ कल्पित नाही. त्या काळी मूल जूनमध्येच शाळेत येई असे नव्हे. दसऱ्याला पाटीपूजन करून, कुठे त्याच्याही नंतर, मूल बिगरीत नेऊन बसवीत. मार्चमधल्या परीक्षेपर्यंत त्याची अक्षरओळखही पुरी होत नसे. ते तिथेच राही, वर्षानुवर्षे पहिलीच्या आकड्यात पुन्हापुन्हा मोजले जाई. पहिलीचा फुगलेला पट काही प्रमाणात या मुलांचा होता. गळती खोटी होती असे मी म्हणत नाही. ती भयंकरच होती. पण गळती किती आणि स्थगिती किती हे त्या एका भागाकारातून वेगळे काढता येत नव्हते, आणि दोन्हींवरचे उपाय तर निराळे. मूल शाळा सोडून गुरांमागे जात असेल तर प्रश्न घरच्या भाकरीचा. मूल तीन वर्षे पहिलीतच बसत असेल तर प्रश्न पहिलीच्या वर्गातल्या शिकवण्याचा.

समितीने निष्कर्ष काढला, की शाळा भराभर वाढवण्यापेक्षा आहेत त्या आधी सुधाराव्यात. पुढच्या दशकात प्राथमिक शाळांचा विस्तार मंदावला, त्याला या निष्कर्षाचे पाठबळ होते. परुळेकर याच्या विरुद्ध उभे राहिले. मुंबईच्या प्राथमिक शाळांचा कारभार पाहिलेला हा माणूस आकड्यांना घाबरणारा नव्हता. आधी विस्तार, मग सुधारणा, ही त्यांची भूमिका. ज्या वाडीत शाळाच नाही तिथली शंभर टक्के मुले पहिल्याच दिवशी गळालेली असतात आणि ती कोणाच्याही भागाकारात येत नाहीत. या वादात माझा कौल परुळेकरांना आहे. अपुऱ्या आकड्याच्या जोरावर गरिबांच्या शाळा रोखल्या जाऊ शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

हा गुंता सोडवायचा तर एकच मार्ग होता : मुले मोजणे थांबवून मुलामागे जाणे. आणि इथे आपण पुन्हा सातारा जिल्ह्यात येतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी सातारा जिल्ह्यात एक प्रश्न घेऊन पाहणी केली : शाळा सोडून गेलेली माणसे काही वर्षांनी वाचू-लिहू शकतात का? दुसरी पाहणी गळती आणि स्थगितीची. गाडगीळ आणि वि. म. दांडेकर या दोघांच्या नावावर या दोन्ही पाहण्यांचे अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. दांडेकर मूळ साताऱ्याचेच. पुढे नीळकंठ रथ यांच्यासह भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास त्यांनी केला त्याने ते देशभर गाजले. साताऱ्याच्या प्राथमिक शाळांवरचे हे काम त्या मानाने झाकलेलेच राहिले.

पहिल्या पाहणीच्या प्रश्नातले धाडस आज जाणवणार नाही. तोवर शिक्षणखात्याच्या दृष्टीने नाव खारीज झाले की मूल संपले. गाडगिळांनी विचारले ते खारीज झाल्यानंतरचे. त्यासाठी रजिस्टरमधले नाव घेऊन माणूस शोधावा लागतो. तो शेतावर असेल, मुंबईला गिरणीत गेला असेल, मुलगी असेल तर सासरी असेल आणि तिचे नावही बदलले असेल. सापडला तर त्याच्यापुढे कागद ठेवून वाचायला सांगावे लागते. गळती-स्थगितीचा खरा हिशेबही असाच कष्टाचा. एका वर्षी पहिलीत आलेल्या प्रत्येक नावावर बोट ठेवायचे, पुढच्या वर्षीच्या पटात ते शोधायचे, सापडले तर कोणत्या इयत्तेत ते पाहायचे, नाही सापडले तर दाखला नेला का ते पाहायचे. दाखला नेला असेल तर ते दुसऱ्या गावी शिकत असेल. न नेता गेले असेल तर बहुधा शाळा सुटली. एका शाळेचा असा तक्ता मांडायला काही दिवस लागतात. जिल्ह्याचा मांडायला संस्था लागते.

असे काम रोजच्या कारभाराचा भाग मात्र झाले नाही. पुढे १९९४-९५ पासून ‘डाइस’ ही संगणकीय माहितीपद्धती देशात आली. तिच्यात माहिती होती ती शाळेची : मुले किती, मुली किती, खोल्या किती, फळे किती. नाव नव्हते. पट मात्र पूर्वीपेक्षाही वजनदार झाला होता, कारण त्यावर शिक्षकांची पदे ठरतात. तीस सप्टेंबरचा पट आणि त्यावरून होणारी संचमान्यता, हे शब्द उच्चारल्यावर कोणत्याही मुख्याध्यापकाचा चेहरा पाहावा. दोन मुले कमी पडली तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. अशा व्यवस्थेत शाळा सोडून गेलेले मूल पटावर ठेवण्याकडे कल राहणारच.

तो कल किती दूर गेला होता ते २०११ मध्ये दिसले. ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तेच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. पटावरची सुमारे २० लाख मुले वर्गात सापडली नाहीत, अशा बातम्या तेव्हा आल्या, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्यात काही नावे निव्वळ बोगस होती, अनुदान लाटण्यासाठी. पण काही नावे खऱ्या मुलांची होती. ती कधीतरी शाळेत आली होती आणि केव्हाच निघून गेली होती. फक्त उजवे पान कोणी भरले नव्हते. चर्चा सगळी भ्रष्टाचाराची झाली, ती व्हायलाच हवी होती. निघून गेलेल्या मुलांची चर्चा त्यात बुडाली.

२०१५ साली महाराष्ट्राने ‘सरल’ प्रणाली आणली. प्रत्येक मुलाची नावानिशी माहिती, प्रत्येकाला क्रमांक, शाळा बदलली तर ऑनलाइन हस्तांतर. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून शिक्षक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून माहिती भरत, त्या तक्रारी खऱ्या होत्या. त्याच वर्षी ४ जुलैला शाळाबाह्य मुलांची एका दिवसाची राज्यव्यापी पाहणी झाली. जुलै महिना! बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ऊसतोड कुटुंबे जुलैत घरी असतात, मुले शाळेत असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि मुले बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. ज्या महिन्यात ती शाळाबाह्य नसतात त्या महिन्यात त्यांना शोधून काय मिळणार? एका दिवसाचे छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी त्यात हे मूल येत नाही. त्यासाठी वर्षभर त्याच्या ओळीवर नजर हवी.

देशपातळीवर ‘यूडायस प्लस’मध्ये २०२२-२३ पासून माहिती शाळेऐवजी विद्यार्थीनिहाय घेतली जाऊ लागली. परिणाम ताबडतोब दिसला. २०२१-२२ मध्ये देशातल्या शाळांचा पट सुमारे २६.५ कोटी होता. २०२३-२४ मध्ये तो २४.८ कोटी निघाला. मोजण्याची रीत बदलली, दुबार नावे गळाली, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, असे मंत्रालयाने सांगितले. ते बरोबरच आहे. पण पावणेदोन कोटींच्या या फरकात दुबार नावे किती आणि खरोखर शाळा सुटलेली मुले किती, हा प्रश्न शिल्लक राहतो. हार्टॉगच्या भागाकारात गळती आणि स्थगिती जशी एकत्र कालवली गेली होती, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच, की या वेळी प्रत्येक ओळीला क्रमांक आहे आणि वेगळे काढायचे म्हटले तर काढता येईल.

या प्रणालीत एक कप्पा आहे, त्याला ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात. एका शाळेतून गेलेले आणि दुसऱ्या कोणत्याही शाळेत न उगवलेले मूल त्यात येऊन पडते. माझ्या मते साऱ्या संगणकीय दप्तरात सर्वांत मोलाची जागा हीच. गाडगीळ-दांडेकरांच्या काळी जी यादी करायला पाहणी उभारावी लागत होती, ती इथे आयती मिळते. पण वरून फोन येतो तो ‘ड्रॉपबॉक्स रिकामा करा’ असा. रिकामा करण्याच्या दोन रीती आहेत. मुलाच्या वस्तीवर जाऊन ते कुठे आहे ते शोधणे ही एक. पडद्यावरचे एखादे सोयीचे कारण निवडून ओळ बंद करणे ही दुसरी. पहिलीला दोन दिवस आणि स्वतःच्या खिशातले पेट्रोल लागते, दुसरीला अर्धा मिनिट. संगणकाच्या दृष्टीने दोन्हींचा निकाल एकच, कप्पा रिकामा.

पहिली रीत निवडणारे शिक्षक आहेत. ऊसतोडीला निघालेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देतात. मूल कितवीत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहायचे आणि कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला त्याच इयत्तेत बसवायचे, अशी ती योजना. मुलासोबत कार्ड निघते, आणि मागे गावच्या शाळेत शिक्षक मुकादमाचा फोन नंबर वहीत टिपून ठेवतात. टोळी कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडावर उतरली ते त्यांना मुकादमाकडूनच कळते. मग तिथल्या शाळेतल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन करायचा, की पालावर चार मुले आली आहेत, त्यांतली थोरली तिसरीत आहे, धाकटे भावंड सांभाळते, तिला भावंडासह वर्गात बसू द्या. हा फोन कोणत्याही पोर्टलवर नोंदला जात नाही. तो झाला तर एप्रिलमध्ये टोळी परतते तेव्हा ती मुलगी चौथीत जाण्याच्या बेताने येते. झाला नाही तर ती शाळेविना गेलेले महिने घेऊनच परतते.